बिल शेवटी कर

प्रिय लुसुंगू,

हे पत्र झेलिपा आत्याने तुझ्या हातात दिलं असेल. ती दिराकडे लुंडाझीला निघाली होती; वाट वाकडी करून तुझ्या आईच्या गावी जा म्हणून मीच तिच्या मागे लागले. आत्याला वाटतंय, मी चर्चच्या महिला मंडळाच्या नव्या चितेंगे कापडाबद्दल लिहिलं आहे. तिला तसंच वाटू दे. फोन का केला नाही, ते पुढे कळेल. आधी हात धुऊन निवांत बस आणि आजूबाजूला कोणी नसताना वाच.

आईचा पाय कसा आहे? प्लास्टर काढलं का? इकडे चिपाटात नुसता उकाडा आहे. आंबे इतके झालेत की कोणी विकतही घेत नाही, रस्त्यावर पडून नासतायत आणि दुकानात माशा येतात. दुपारी लाईट जाते ती संध्याकाळपर्यंत येत नाही. आमच्या डालिसोचे बाबा ट्रक घेऊन मालावीच्या सीमेवर अडकलेत, कागदावर कुठला तरी शिक्का नाही म्हणे. मला तर त्या शिक्क्याचाही संशय येतो. तू म्हणशील, हिला कशाचा संशय येत नाही! खरं आहे, माझा स्वभावच तसा. दुकान चालवणाऱ्या बाईला तो ठेवावाच लागतो.

ते बिलाचं मशीन आलं तेव्हा तू मला किती हसली होतीस, आठवतं? कंपनीची ती मुटिंटा नावाची मुलगी गोड बोलायची, आणि गोड बोलणाऱ्यांना मी घाबरते. पहिले काही महिने फुकट, म्हणाली. फुकट कोण काय देतं? मला वाटलं, यातून करवाल्यांना सगळं कळणार. मग वाटलं, माझ्याकडे काय खपतं ते बघून ही माणसं समोरच दुकान थाटतील. रात्री मी त्याच्यावर फडकं टाकून ठेवायचे, जणू त्याला डोळे आहेत. पण खोटं का बोलू, मशीनने मला शहाणं केलं. साखरेच्या छोट्या पुड्या कधी जास्त जातात, कुठला साबण नुसता धूळ खातो, हे मी आजवर अंदाजाने चालवत होते. भावावरून गिऱ्हाइकांशी होणारी कटकट संपली. आणि ते तेलाचं तर तुला सांगायचंच राहिलं. मशीन सांगायचं तेलाच्या बाटल्या शिल्लक आहेत, फळीवर मात्र त्या नसायच्या. मी आधी नणंदेवर डोळा ठेवला, बिचारीवर उगाच. मग एकदा माल आणणाऱ्या माणसासमोरच खोका फोडला, तर आत एक बाटली कमी. खालून उघडून पुन्हा चिकटवलेला. तो म्हणाला, “वहिनी, यंत्राचं काय ऐकता? आपली ओळख किती वर्षांची!” मी म्हटलं, “म्हणून तर. मला तुझी भीड पडते, त्याला पडत नाही.” आता खोके पूर्ण भरून येतात.

तर मशीन चांगलं आहे. हे आधी लिहिते, कारण पुढचं वाचून तू त्याला शिव्या घालशील.

गिऱ्हाइकाने फोन नंबर दिला की त्याच्या नावावर पॉइंट जमतात, पुढे त्यावर साखर नाहीतर मीठ मिळतं. तू नंबर दिलास. त्यानंतर तू एक वेगळीच गोष्ट सांगायला लागलीस. आल्या आल्या पिशवी काउंटरवर ठेवायचीस, माझ्याजवळ बसायचीस, शेंगदाणे सोलत बोलायचीस आणि मी सामान काढायला उठले की म्हणायचीस, “बिल शेवटी कर.” मला वाटलं, पैसे द्यायला नको वाटतंय तुला. मग वाटलं, लाडाने म्हणतेस. कितीतरी दिवसांनी एका पावतीकडे माझं नीट लक्ष गेलं. तिच्यावर तारखेखाली वेळ छापलेली असते. तू पावती घेतलीस की चालायला लागायचीस, तेही इतक्या घाईत की चपलेचा पट्टा वाटेत लावायचीस. घरी कोणीतरी ती पावती हातात धरून घड्याळ बघतं, हे मला तेव्हा कळलं. मी विचारलं नाही. तू सांगितलं नाहीस. पण मी बिल शेवटी करायला लागले, आणि आपल्या गप्पा कुठल्याच कागदावर उमटल्या नाहीत.

मग तू अधूनमधून काही वस्तू वेगळ्या घेऊ लागलीस. चौकड्यांची मोठी झिपची पिशवी. तुझ्या लेकीसाठी, तावोंगासाठी सँडल, तिच्या मापापेक्षा एक नंबर मोठे. तिच्या वह्या. दोन टॉवेल. त्यांची पावती तू माझ्याच टोपलीत टाकायचीस आणि वस्तू मागे पिठाच्या पोत्यांआड ठेवून जायचीस. “राहू दे तुझ्याकडे, नेईन कधीतरी,” एवढंच म्हणायचीस. मी म्हणायचे, राहू दे. मी वेडी नाही गं, लुसुंगू. एक नंबर मोठे सँडल म्हणजे पुढच्या वर्षाचा विचार.

या वेगळ्या वस्तूंच्या वेळी तू नंबर सांगायची नाहीस. पण मशीनला तुझं नाव पाठ झालेलं, मी नेहमीसारखी त्यावर बोट ठेवायचे. पॉइंट वाया कशाला घालवायचे, असा विचार.

तू आईकडे गेलीस आणि दुसऱ्या दिवशी तुझा नवरा लँगसन दुकानात आला. आजवर दारातही न थांबणारा माणूस. चर्चमधला तो कडक इस्त्रीचा शर्ट. डालिसोची चौकशी केली, माझ्या नवऱ्याची केली, थंड पाणी मागून प्यायला. मग म्हणाला, “डालिसोच्या आई, तुमचं मशीन म्हणे सगळं लक्षात ठेवतं. बायकोच्या नावावर काय काय लागलंय ते एका कागदावर काढून द्या ना. घरखर्चाचा मेळ घालतोय.” हसतच म्हणाला. मी म्हटलं, लाईट नाही. तो वर पंख्याकडे बघायला लागला. पंखा फिरत होता. मी म्हटलं, पंख्याची लाईन वेगळी आहे. तो म्हणाला, हरकत नाही, उद्या येतो.

मी लगेच मुटिंटाला फोन लावला. गिऱ्हाइकाचा हिशेब दुसऱ्या कोणी मागितला तर? ती म्हणाली, द्यायचा नाही. पण नंबर ज्याच्या नावावर, त्याने मागितला तर द्यावा लागतो. आणि तुझं सिमकार्ड त्याच्या नावावर आहे, तूच एकदा बोलली होतीस. पूर्वी कोणी विचारलं तर मी म्हणायचे, कोणाला आठवतंय, बाबा? आणि ते खरं असायचं. आता माझ्या दुकानात माझ्याइतकंही न विसरणारं कोणीतरी बसलंय. मी मुटिंटाला सहज विचारल्यासारखं विचारलं, समजा चुकीच्या नंबरवर बिल लागलं तर? “चुकून लागलंय ना, ताई?” ती म्हणाली. मी म्हटलं, “हो, चुकूनच.” पुढे एक अक्षर न विचारता तिने मला ते दुसऱ्या नंबरवर कसं टाकायचं ते सांगितलं. त्या मुलीबद्दलचा माझा संशय त्या दिवशी फिटला. दुकानाचं दार अर्धं लोटून मी तुझ्या त्या सगळ्या वस्तू माझ्या नंबरवर घेतल्या. रस्त्यावर कोणाच्याही चपला वाजल्या तरी तोच आला असं वाटायचं.

तो आला तेव्हा मी कागद काढून दिला. मीठ, साबण, सुके कापेंटा मासे, काड्यापेटी. त्याने ओळीवरून बोट फिरवत सगळं वाचलं, मग वेळा वाचल्या. म्हणाला, “बाई नेकीची आहे माझी.” मला हायसं वाटायला हवं होतं. पण त्याच्या चेहऱ्यावर खूश झाल्याची नाही, काहीतरी न सापडल्याची कळा होती. जाताना म्हणाला, माझाही नंबर लिहून घ्या, आता मीच सामान न्यायला येत जाईन. मी लिहून घेतला.

आणि तो येतो, लुसुंगू. त्याचंही सगळं मशीनमध्ये आहे, म्हणून हे मी ऐकीव लिहीत नाही. सगळ्यांना सांगतो, बायको यायच्या आधी घराला रंग देतोय. रंग माझ्याकडेही मिळतो, त्याने डबा उचलून पाहिलासुद्धा नाही. आधी लांब खिळे नेले आणि खिडकीला बसेल अशी जाळी. गुरुवारी एक जाड कडी आणि कुलूप नेलं. कडी हातात उलटीसुलटी करून बघत होता. म्हणाला, “बाहेरून बसेल ना ही? आतून हात पोचता कामा नये.” मी विचारलं, कुठल्या दाराला? म्हणाला, कोठीच्या खोलीला, उंदीर झालेत. मी मान हलवली आणि पावती फाडून दिली.

तुझं घर मी कितीदा पाहिलंय. दोन खोल्या. पुढची बसायची, मागची तुमची निजायची. कोठी कुठे आहे तुमच्या घरात?

मी चुकत असेन तर भेटल्यावर मला वाटेल तसं बोल, मी ऐकून घेईन. पण रविवारच्या बसने येऊ नकोस. तो तुला उतरवून घ्यायला स्टँडवर जाणार आहे, तसं त्याने मला आपणहून सांगितलं, न विचारता. तुझा फोन बंद करून ठेव, त्यावरून कोणालाही काही कळवू नकोस; सिम त्याच्या नावावर, कोणाचा फोन आला-गेला तेही तो काढून घेईल, म्हणूनच मी फोन केला नाही. हे पत्र तुझ्या थोरल्या भावाला वाचून दाखव, आईला नको, ती रडेल आणि तू विरघळशील. तुझी पिशवी आत्याजवळ दिली आहे, महिला मंडळाचं कापड आहे म्हणून सांगून. तावोंगाला सँडल घालून बघ आणि तिथल्या शाळेत तिचं नाव घाल. तो आला तर भाऊ दारात उभा राहू दे, तू आतच थांब. मला तो विचारेल, तेव्हा काय सांगायचं ते माझं मी बघेन.

तुझीच,
एस्नार्ट