पाठ झालेला तक्ता

चेंदणी कोळीवाडा, ठाणे
१८ नोव्हेंबर १९९१

ती. दामाजीदादा,

तुझ्या आणि वहिनीच्या पाया पडून सुरुवात करतो. कल्याणला सगळे ठीक असाल. इथे आम्हीही मजेत आहोत. हाताला जरा मुंग्या येतात, म्हणून मी सांगतोय आणि मालन लिहितेय. बायकोचं अक्षर माझ्यापेक्षा बरं, हे तुला आमच्या लग्नापासून माहीत आहेच.

बातमी अशी की माजिवड्याच्या कारखान्यातली नोकरी मी सोडली. राजीनाम्यात घरगुती कारण लिहिलं. चार वर्षं प्रेसवर पत्रे दाबून कंटाळा आला. आता घरी बसून जाळी विणून देईन, गिऱ्हाईक भरपूर आहे. फंडाचे पैसे आले की सूत आणि जाळ्याला वजनाला लावायचं शिसं घेईन. हिशेब खात्यातले आनंदराव म्हणाले, पाच वर्षं भरायच्या आत स्वतःहून सोडलं तर फंडावर इन्कम टॅक्स कापतात. कापू देत. सरकारलाही पोट आहे.

भाऊजी, हे मी मालन माझ्या मनानं लिहितेय. हे समोर बसून जाळं विणताहेत आणि मी काय लिहितेय ते त्यांना दिसत नाही. हाताला काहीसुद्धा झालेलं नाही. डोळे गेलेत. हॉस्पिटलात सांगितलं, आतला पडदा सुकत चाललाय, चष्म्यानं नाही की ऑपरेशननं नाही. जाळं बोटांनी विणतात, त्यामुळे आळीत कुणाला संशय आला नाही.

आनंदराव आणखी एक बोलले होते, ते यांनी बरोबर गाळलं. कंपनीनं आजारपणामुळे कामावरून कमी केलं, तर पाच वर्षं भरली नसली तरी टॅक्स लागत नाही. यांचा राजीनामा अजून मंजूर झालेला नाही, आनंदरावांनी तो टेबलाच्या खणात थांबवून ठेवलाय. शुक्रवारी कंपनीच्या डॉक्टरनं तपासून 'कामाला अयोग्य' असं लिहून दिलं की झालं. पण त्याच डॉक्टरसमोर मागच्या खेपेला हे नजर तपासायच्या तक्त्यावरची अक्षरं धडाधड म्हणून आलेत. रांगेत पुढची माणसं वाचत होती, ती ऐकून यांनी सगळी पाठ केलेली. म्हणून कागदोपत्री यांची नजर चांगली. आता जायला तयार नाहीत. म्हणतात, आंधळा असा शिक्का मारून मिळणारा पैसा मला नको.

मला तो पैसा हवाय, भाऊजी, त्यात लाजण्यासारखं काही नाही. घरात पाट हलवला तरी हे ठेचकाळतात आणि वर मलाच म्हणतात, पाट नीट ठेवत जा. परवा चांगदेव आला होता, यांचा मशीनवरचा जोडीदार. हे आत जाऊन झोपेचं सोंग घेऊन पडले. तो बिचारा चहा पिऊन गेला. दोघांत काय झालंय ते मला सांगत नाहीत. माझा जीव थाऱ्यावर नाही.

"एवढं काय लिहितेस गं?" हे विचारताहेत. मी म्हटलं, जाऊबाईंना बोंबलाच्या कालवणाचं सांगतेय.

दादा, मी तानाजी. सवड काढून जेवायला या दोघं. शुक्रवार सोडून कधीही. शुक्रवारी मला एक काम आहे, होईलच असं नाही. बाकी सगळं ठीक. मालन, आता वाचून दाखव.

भाऊजी, मी सगळं वाचणार आहे, माझंसुद्धा.

वाचलं. यांची सुई चालू होती, मग थांबली. म्हणाले, आता सांगतो तेवढंच लिही, मध्ये तुझं काही घालू नकोस.

दादा, चांगदेव साच्यात पत्रा ठेवायचा आणि मी प्रेस दाबायचो. त्या दिवशी त्याचा हात आत होता आणि मी दाबला. मला हात दिसला नाही रे. त्यानं ओढून घेतला, हातमोजा तेवढा आत राहून चपटा झाला. तो कुणाकडे बोलला नाही. त्याच दुपारी मी राजीनामा दिला. टॅक्स कापणार म्हटल्यावर मला बरंच वाटलं, थोडीतरी शिक्षा झाली म्हणून. पण ती शिक्षा मालनला कशाला?

तू शुक्रवारी सकाळीच ये. गेटापासून दवाखान्यापर्यंत सगळे बघतील. बघू देत. तू माझा हात धर, आणि आत डॉक्टरसमोरही शेजारी उभा राहा. तो तक्ता मला अजून पाठ आहे. त्यानं विचारलं की तोंडातून आपोआप निघेल. मी म्हणायला लागलो तर माझं मनगट दाब.

सही मीच करतोय. मालननं बोट कागदावर टेकवून दिलंय. ओळ सोडून गेली तर समजून घे.

खाडीच्या चिखलात तू हात धरून चालायला शिकवलेला,
तुझा धाकटा
तान्या