चार जाड तारांची निरवानिरव

मी, खाली सही करणार, व्यवसायाने बास गिटार वाजवणारा, हे मृत्युपत्र राजीखुशीने, अक्कलहुशारीने आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवत आहे. अक्कलहुशारीबद्दल आमच्या ऑर्केस्ट्रात दुमत आहे, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दडपण एकच आहे, ते छातीत आहे आणि त्याच डॉक्टरांना ठाऊक आहे. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. मरायचे असे पूर्वी कधी ठरले नव्हते.

बास म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्या माहितीसाठी: गिटारसारखेच दिसणारे, पण लांब दांडीचे आणि चार जाड तारांचे वाद्य. चालू असताना ते कोणाला ऐकू येत नाही. बंद पडले की गाणे पोकळ लागते, पण का लागते ते कोणाला सांगता येत नाही. माझे सासरे शेवटपर्यंत लोकांना सांगत, "जावई गिटार वाजवतात, पण अजून दोन तारा यायच्या आहेत."

कलम १. राहते घर, मागची खोली वगळून, माझ्या पश्चात बायकोच्या मालकीचे होईल आणि तिच्यानंतर चिरंजीवांच्या. माझ्या संगीताबद्दल बायकोने सुरुवातीलाच एक मत दिले, "भांडी हलतात," आणि ते आजतागायत बदललेले नाही. मात्र कोणत्या स्वराला फडताळातले काय हलते हे तिला पाठ आहे. तालीम संपली की ती सांगते, "आज पिठाचा डबा फार वाजला, घाईत होतात का?" मी घाईत असतोच. असा समीक्षक मला बाहेर भेटला नाही. चिरंजीव विमा कंपनीत आहेत आणि त्यांना टाळीसुद्धा तालात वाजवता येत नाही. ते आजोबांवर, म्हणजे वर उल्लेख केलेल्या सासऱ्यांवर गेले आहेत. आपल्याला घर मिळणार आणि वाद्य मिळणार नाही हे कळल्यावर त्यांनी "सुटलो" असा शब्द वापरला. मी तो आशीर्वाद समजून घेतला.

कलम २. आमचा लीड गिटारवाला, यापुढे या दस्तात "मोर". स्टेजवर तो पिसारा फुलवून उभा राहतो म्हणून हे नाव. तो खाजगीत त्याला ओ देतो. या मोराला माझ्या इस्टेटीतून काहीही मिळणार नाही. तारेचे तुटलेले टोकही नाही. पुढे कोणी कज्जा केलाच तर उपयोगी पडावीत म्हणून कारणे नोंदवतो. एक, तो दर कार्यक्रमात माझ्या स्पीकरसमोर येऊन उभा राहतो आणि मग साउंडवाल्याला सांगतो, "बास कमी कर, पोटात घुसतोय." बाजूला हो असे त्याला सांगणारा साउंडवाला अजून जन्माला यायचा आहे. दोन, सगळ्या हयातीत मला एकदाच सोलो मिळाला. डोळे मिटून मी जीव ओतत होतो. बरे वाजत होते. मोराने तेवढ्यात माइक घेतला, हॉलच्या मॅनेजरचे आभार मानले आणि गेटात आडवी लावलेली पांढरी गाडी काढायला सांगितले. गाडी निघेपर्यंत माझा सोलो संपला होता. टाळ्या गाडीवाल्याला मिळाल्या.

कलम ३. रेकॉर्डी आणि कॅसेटी मागेल त्याला द्याव्यात, पण आधी त्याची परीक्षा घ्यावी. कोणतेही एक गाणे लावावे आणि त्यात बास काय वाजवतो आहे ते त्याने गुणगुणून दाखवावे. गायकाची चाल गुणगुणला तर चहा पाजून परत पाठवावे. माझी आवड सांगायची तर संथ गाणी, ज्यांत वर सगळे बदलत असते आणि खालचा मात्र एकच स्वर धरून बसलेला असतो, घरातल्या वडीलधाऱ्यासारखा. तारेला थोबाडीत मारून वाजवायची एक रीत आहे. ज्यांना जमते त्यांचे मला कौतुक आहे. पाहुण्यांची मुलेही मला आवडतात, थोड्या वेळाने ती घरी जाणार असतील तर. हल्ली पाच आणि सहा तारांचे बासही निघाले आहेत. चारात ज्याचे भागत नाही त्याचे सहांत काय भागणार? मोर म्हणतो, कोल्ह्याला द्राक्षे आंबट. माझा अंगठा तिथवर पोचत नाही हे खरे आहे. पण द्राक्षेही आंबटच आहेत.

कलम ४. बास गिटार, तिची पेटी आणि चामडी पट्टा सूनबाईला. हे वाचून भुवया उंचावतील, म्हणून खुलासा करतो.

चिरंजीवांच्या लग्नाच्या स्वागत समारंभात आमचाच ऑर्केस्ट्रा होता. तिसऱ्या गाण्यात माझ्या अँपचा, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या यंत्राचा, फ्यूज उडाला. सवयीने माझी बोटे चालत राहिली. पाहुणे नाचत राहिले. मोर मागे झुकून, डोळे मिटून स्वतःच्या प्रेमात होता. खुर्चीत बसलेली नवरी तेवढी, कोणाच्या तरी हातून भेटवस्तूचा खोका घेता घेता, पूर्ण मान वळवून मागे पाहू लागली. माझ्याकडे नव्हे, स्पीकरकडे. दुसऱ्या दिवशी चहा देताना तिने विचारले, "बाबा, काल मधेच खालचं काय गेलं हो?"

"फ्यूज."

"वाटलंच. वरचे सगळे एकदम घसरायला लागले."

सूनबाई लिफ्टची तपासणी करते. मोटरची घरघर बदलली की ती जिन्यातूनच ओळखते आणि लोकांना आत शिरू देत नाही. अशा कानाला मी काय शिकवणार? ती रविवारी तालीम संपल्यावर केबली गुंडाळायला येऊ लागली, मग एक दिवस पट्टा गळ्यात घालून बसली. आता ती माझ्यापेक्षा बरी वाजवते असे मी इथे लिहिणार नाही. हा कायदेशीर दस्त आहे, त्यात खरे लिहिले की ते नाकारता येत नाही.

वाद्याच्या तारा बदलू नयेत. त्या काळ्या पडल्या आहेत, गुळगुळीत झाल्या आहेत आणि आता कुठे त्यांना समज आली आहे. नव्या तारा पातेल्यासारख्या वाजतात. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीपाशी, तारांखाली भांडी घासायच्या स्पंजचा एक तुकडा खोचला आहे. कचरा समजून तो काढू नये, माझा निम्मा आवाज तोच आहे. उरलेला अर्धा स्पंज कुठे गेला हे बायको अजून विचारते. तिला सांगू नये.

कलम ५. सूनबाई, हे कलम तुला. इतरांनी वाचले तरी त्यांना त्याचा उपयोग नाही. ड्रमवाल्याच्या हातांकडे पाहू नकोस, उजव्या पायाकडे पाहा, खालचा मोठा ढोल तोच वाजवतो. त्याचे हात लोकांसाठी असतात, पाय आपल्यासाठी. गाणाऱ्या बाईचे खांदे वर गेले की ती श्वास घेते आहे. तिथे काहीही वाजवू नकोस, सुचले तरी. सुचले तर मुळीच नको. बोटांनी जोर करू नकोस, जोर करायला अँप आहे. स्वर धरणे कोणालाही येते, सोडायचा कधी हे शिकण्यात माझे केस गेले. चूक झाली तर तोंड वाकडे करू नकोस. पुढच्या फेरीत तीच चूक पुन्हा कर, लोक तिला शैली म्हणतात. तिसऱ्यांदा मात्र नको, मोर ती आपलीच म्हणून सांगत सुटेल. ओल्या स्टेजवर रबरी तळाच्याच चपला घालायच्या. आणि कार्यक्रमानंतर कोणी "तुमचं काही ऐकूच आलं नाही" म्हणाले, तर "आभारी आहे" म्हणायचे. मी तेच म्हणत आलो. प्रत्येक वेळी लागते, ते लपव.

कलम ६. आता मुद्द्याचे. मला हे मृत्युपत्र करायची बुद्धी झाली ती इस्पितळात. मोर भेटायला आला आणि माझ्यासाठी आणलेले संत्रे सोलून खाऊ लागला. म्हणाला, "तू निवांत पड. कार्यक्रम काही अडत नाही. कीबोर्डवाला डाव्या हातानं सांभाळतो की खालचं."

मी म्हणालो, "सूनबाई आहे ना."

"अरे, घरातल्या घरात ठीक आहे. स्टेज वेगळं. आणि बास असला काय नि नसला काय, लोकांना कुठं कळतं?"

सूनबाई खाटेच्या पायाशीच उभी होती, हातात थर्मास. थर्मास ठेवला आणि दुसऱ्या मजल्यावर इस्पितळाची लिफ्ट हिसका का देते ते बघायला निघून गेली. मी तिला एवढी गप्प कधी पाहिली नव्हती. त्या दिवशी माझ्या छातीत जे दुखले त्याची नोंद डॉक्टरांच्या कागदात नाही. माझ्यापुरते तो काहीही बोलला असता तरी मी हसून घेतले असते, तसे घेतच आलो. तिच्या देखत बोलायला नको होते.

सबब, घरामागची खोली सूनबाईच्या नावे करत आहे. ही खोली बांधली मोटारीसाठी, पण मोटार आलीच नाही, ऑर्केस्ट्रा आला. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या आहेत आणि ऑर्केस्ट्राचे सगळे सामान तिथेच राहते. ऑर्केस्ट्राने पूर्वीप्रमाणे दर रविवारी तिथे तालीम करावी, चहाही मिळेल. अट एकच: बास सूनबाईच्या हातात असला पाहिजे. ज्या दिवशी कीबोर्डवाल्याचा डावा हात खालचे वाजवू लागेल, त्या दिवशी त्याच्या उजव्या हातानेही दुसरी खोली शोधावी.

कलम ७. मोठा स्पीकर आमच्या ड्रमवाल्याला. तो एकट्याने उचलणारा एवढा एकच माणूस मला ठाऊक आहे. साक्षीदार म्हणून सही करायची त्याची फार इच्छा होती. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही, असे वकीलबाईंनी समजावले. "मग स्पीकर राहू द्या, सही करतो," म्हणाला. मी ऐकले नाही.

कलम ८. माझ्यानंतर भाषणे नकोत. मोराला तर माइक देऊच नये, तो गाड्या काढायला सांगेल. आम्ही शेवटी वाजवतो ते संथ गाणे याच मागच्या खोलीत वाजवावे. <s>पहिले कडवे बासशिवाय वाजवावे. त्या वेळी कीबोर्डवाल्याने डावा हात खिशात ठेवावा. काय गेले ते एकदा सर्वांना नीट ऐकू द्यावे, मोराला विशेषतः.</s> <s>दुसऱ्या कडव्यापासून</s> सूनबाईने वाजवायला सुरुवात करावी.

कलम ९. साक्षीदार. ज्याला माझ्याकडून काहीही मिळत नाही असा माणूस शोधायला मला फार हिंडावे लागले नाही. मोराला बोलावले आहे. साक्षीदाराने मजकूर वाचायचा नसतो, मी सही करताना फक्त पाहायचे असते. खाली काय चालले आहे तिकडे लक्ष न देता उभे राहण्याचा त्याला उत्तम सराव आहे.

दुरुस्तीची नोंद. वरचा मजकूर टाइप झाल्यानंतर, सह्या होण्यापूर्वी जे घडले ते वकीलबाईंच्या सल्ल्याने माझ्या हस्ताक्षरात लिहितो.

मोराने चष्मा काढला, पुसला, आणि सगळे मृत्युपत्र वाचले. त्याने वाचू नये असा कायदा आहे का, असे मी वकीलबाईंना विचारले. तसा कायदा नाही. कलम २ त्याने मान न हलवता वाचले. कलम ६ त्याने दोनदा वाचले. शेवटी कलम ८ वर बोट ठेवून म्हणाला, "हे कडवं काढ."

"का? एवढंसुद्धा सहन होत नाही?"

"सहन कसलं. मला जमणार नाही. मी सुरू करतो असं लोकांना दिसतं. तुझा पहिला स्वर आल्याशिवाय मी त्या गाण्यात कधी शिरलोच नाही. बासशिवाय ते सुरू कुठून करायचं, मला माहीतच नाही."

हेच वाक्य ऐकण्यासाठी मी उभी हयात त्याच्या पाठीमागे उभा होतो, आणि ते आले तेव्हा मला त्याची कीव आली, आनंद झाला नाही. थोडा झाला.

मग तो दाराकडे वळून, जरा मोठ्याने, आत घरात सूनबाईला ऐकू जाईल असे म्हणाला, "आणि तिला आजपासूनच तालमीला बसू दे. हा मरायची वाट बघत कशाला थांबायचं?"

सबब, कलम ८ मधील पहिल्या कडव्याबद्दलची तीन वाक्ये आणि "दुसऱ्या कडव्यापासून" हे शब्द खोडले असून खोडीशेजारी माझ्या व साक्षीदार क्रमांक एक यांच्या छोट्या सह्या आहेत. गाण्याची सुरुवात सूनबाई करील. कलम ६ मधील अट साक्षीदाराच्या विनंतीवरून, कीबोर्डवाल्यावर वचक म्हणून, कायम ठेवली आहे. कलम २ मध्ये कोणताही बदल नाही.

लिहून देणार: सही. (बास)

साक्षीदार १: सही. (लीड गिटार. सही स्टेजवरच्यासारखीच मोठी झाली असून माझ्या रकान्यात शिरली आहे. चालवून घ्यावी.)

साक्षीदार २: सही. (डॉक्टर. लिहून देणारा पूर्ण शुद्धीत असून सह्या होताना त्याचे डोळे भरून आले होते. ही वैद्यकीय तक्रार नव्हे.)

ठिकाण: मागची खोली.

दिनांक: वकीलबाईंच्या शिक्क्यात आहे तोच, रविवार. सह्या घाईत झाल्या, कारण सूनबाईने पट्टा गळ्यात घातला होता आणि मोर गिटार घेऊन तिच्या पहिल्या स्वराची वाट पाहत उभा होता.