दार उघडेपर्यंत थांबले

गुरुवार, ७ नोव्हेंबर

थांबले! थांबायचं नसतं हे ठाऊक असून थांबले.

पाच महिने दर गुरुवारी इथल्या ज्यू मदत-संस्थेची शब्बाथच्या, म्हणजे त्यांच्या पवित्र शनिवारच्या, जेवणाची खोकी पोचवतेय. नियम एकच — खोकं दाराशी ठेवायचं, बेल वाजवायची, निघायचं. घेणाऱ्याचं तोंड बघायचं नाही. यादीतही नुसता पत्ता. पण आज एका नव्या पत्त्यावर दाराला पाटी — पेणकर! म्हणजे आपल्या कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, बेने इस्रायली. जर्सी सिटीत आठवडाभर कुणाशी मराठी बोलले नव्हते. पायच हलेनात.

सत्तरीच्या बाईंनी दार उघडलं. "मावशी, तुम्ही मराठी?" चेहरा काय उजळला त्यांचा! मग नजर खोक्यावर गेली.

"हे... शेजारणीचं असेल. चुकून आलंय."

दार लागलं. खोकं बाहेरच.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

नुसतं बोलले तर! त्यात काय एवढं.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

तो पत्ता यादीत नाही. खोक्यांचं सगळं नेओमी बघते, तिला विचारलं. म्हणाली, "फोन आला, बंद करा म्हणून. खरं तर गरज आहे तिथे. काही झालं का, इला?"

"नाही," म्हणाले. सरळ खोटं!

रविवार, १७ नोव्हेंबर

वरण-भाताचा डबा भरला. चपला घातल्या. परत काढल्या — कुठल्या तोंडानं जाऊ? त्या काय जेवत असतील?

मंगळवार, १९ नोव्हेंबर

नेओमीला सांगून टाकलं. ओरडली असती तर बरं! शांतपणे सांगत राहिली. शेकडो वर्षं गावोगावी ज्यूंची मदतीची पेटी असायची. जमवायला दोघं, कुणाला किती ते ठरवायला तिघं. देणाऱ्याला घेणारा कळू द्यायचा नाही, घेणाऱ्याला देणारा. तिच्या आजीला ब्रुकलिनमध्ये हिवाळ्यात कोळसा असाच मिळायचा. कुणी दिला, मरेपर्यंत कळलं नाही.

"म्हणून तर आजी रस्त्यात सगळ्यांशी ताठ मानेनं बोलायची."

मला रडू आलं. चार ओळींची चिठ्ठी लिहून तिच्याकडे दिली, मराठीत — मावशी, चुकले. खोकं घ्या. मी हे काम सोडतेय.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

नेओमीचा फोन. पेणकर मावशींनी खोकं परत सुरू केलंय. अट एकच — आणायला मीच हवी.

"तिनं मला पाहिलंच आहे," म्हणाल्या. "आता आणखी कुणी पाहायला नको."