ओढ्यात बुडालेली अँबॅसिडर

अहो,

आज सकाळी गाडीचा उरलेला सांगाडा टेम्पोत घालून नेला. अंगण एवढं मोकळं झालंय, की कोंबड्यासुद्धा बिचकून कडेकडेनं चालतात. तुम्हाला न विचारता गाडी विकली. तिकडं दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडूनच कळलेलं बरं, म्हणून लिहायला बसले.

आधी हसून घ्या. गाडी पुरात बुडाली. कवठे महांकाळ तालुक्यात! जिथं आपण टँकरमागं घागरी घेऊन पळतो, तिथं! तुम्ही गेल्यावर सात महिन्यांनी परतीच्या पावसानं असं झोडपलं, की ओढा थेट शेडमध्ये शिरला. ओढ्याकाठी शेड नको, असं मी तेव्हाच म्हटलं नव्हतं का? तुम्ही म्हणालात, या ओढ्याला पाणी आलं तर मिशी काढीन. मिशीसकट गेलात, म्हणून सुटलात.

पाणी ओसरल्यावर बघितलं, तर गाडी बाभळीला टेकून उभी. सीटवर वीतभर गाळ, स्टिअरिंगवर बेडूक. तासगावच्या दादू मिस्त्रीला बोलावलं. त्यानं बॉनेट उघडून बराच वेळ आत डोकं घातलं. मग म्हणाला, इंजिनात चिखल भरलाय, गाडी उठायची नाही. पण सुटे भाग घ्यायला माणसं येतील.

मिलिंदला एसटीडी बूथवरून कळवलं. तो साताऱ्याहून आला तोच तणतणत. तुमचाच लेक, राग नाकावर! वस्तीतली पहिली गाडी, बापानं फौजेत गाड्या हाकून घेतलेली, ती मोडीत घालायची? ज्या गल्लीतून आजोबा चपला हातात घेऊन जायचे, तिथून ही गाडी नवऱ्या मुली बसवून, हॉर्न वाजवत जायची. त्याचं म्हणणं, पत्र्याखाली ठेवू, रंग देऊ, जयंतीला हार घालू. पोरगा खोटं बोलत नव्हता. मलाही दोन दिवस जेवण गेलं नाही.

पण तुम्हाला मी ओळखत नाही होय? रस्त्यात कुणाचं बॉनेट वर दिसलं, की तुम्ही थांबणारच. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न लागून गेल्यावर आपण पोचलो, कारण वाटेत एका ट्रकवाल्याचा फॅनबेल्ट तुटला होता. ते मी अजून माफ केलेलं नाही, बरं का!

मिलिंदला मी एवढंच म्हटलं, "तुझ्या बापाला बंद गाडी बघवत न्हवती रं. आन तू हिला दारात बंद ठेवून हार घालणार व्हय?"

तो उठला. ओढ्याकडं जाऊन बसला. परत आला तेव्हा शर्टाच्या बाह्या वर केल्या होत्या.

तीन दिवस गाडी खोलत होतो. मिस्त्री सगळंच भंगारात धरायला बघत होता. मी म्हटलं, रेडिएटर गेल्या दिवाळीत नवा घातलाय, मागचा एक्सल दोन वर्षांचा आहे. तो बघतच राहिला. मिस्त्रीकाम कुठं शिकलात, म्हणून विचारायला लागला. अठरा वर्षं तुम्ही गाडीखाली आणि मी पाने घेऊन वर उभी. शिकणार नाही तर काय? चुकीचा पाना दिला की ओरडायचात. बरोबर दिला तेव्हा एकदा शाबास म्हणाला असतात, तर काय बिघडलं असतं?

दारं माणदेशातल्या एकानं नेली, रेडिएटर मिरजेला गेला. गिअरबॉक्स सांगलीला सवाऱ्या नेणाऱ्या एका वडापवाल्यानं नेला.

मागच्या गुरुवारी पेन्शनच्या कामाला सांगलीला निघाले होते. एसटी आलीच नाही. वडापची अँबॅसिडर थांबली. आत माणसं दाबून भरलेली, मला पुढं बसवलं. गाडी सुटली आणि दुसरा गिअर टाकताना खर्रकन आवाज झाला. माझ्या अंगावर काटा आला! हा आवाज मी झोपेतही ओळखीन. ड्रायव्हर दात-ओठ खाऊन दांडा रेटायला लागला, तेव्हा राहवेना. रेटू नका म्हटलं, न्यूट्रलला आणून जरा थांबा, मग टाका. त्यानं तसं केलं. गिअर आपसूक पडला.

"तुमाला कसं ठावं, मावशी?"

"आमच्या ह्यांचा गिअर हाय त्यो."

ड्रायव्हर एकदम सावरून बसला. पार सांगलीपर्यंत त्यानं गाडी अशी हळुवार नेली, जशी शेजारी तुम्हीच बसला आहात. मी पदर तोंडाला लावून हसत होते, मधेच डोळेही पुसत होते. शेजारची बाई घाबरून विचारते, गाडी लागती का तुमाला?

उतरताना त्याला बजावलंय, पाडव्याच्या आत त्या गिअरबॉक्सचं ऑइल बदल. तो व्हय व्हय म्हणाला, पण तो विसरणार. मी विसरणार नाही. पाडव्याला स्टँडवर जाऊन उभी राहीन, आणि त्यानं बदललं नसेल तर त्याची गाडी हलू देणार नाही. हा माझा शब्द.

तुमची,
सुमन