डार्सीची न दुखणारी मांडी

९ सप्टेंबर, सोमवार
आमचं कोराबिन गाव ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या ग्रँड फायनलमध्ये! शनिवारी, आपल्याच मैदानावर, टिंबर फ्लॅटशी गाठ. गावात कप शेवटचा आला तेव्हा माझे वडील कप्तान होते. तेव्हापासून क्लबाच्या कपाटात कपाच्या जागी एक फुलदाणी आहे. मी उपाध्यक्ष असताना कप आला तर वडिलांच्या फोटोशेजारी कुणाचा फोटो लागेल, हे मी स्वतःच्या तोंडाने कशाला सांगू?

अडचण एकच. डार्सी केल्सो. वय अठरा, पहाटे आईच्या गाईंच्या धारा काढतो आणि शनिवारी तीन माणसांच्या डोक्यांवरून चेंडू काढतो. नोव्हेंबरात ड्राफ्ट. देशातले मोठे क्लब एका संध्याकाळी पोरं निवडून घेतात. ज्याचं नाव पुकारलं नाही तो परत गाईंकडे. आमच्या भागातली अशी पोरं हेरून मेलबर्नच्या एका मोठ्या क्लबाला कळवणं हे माझं काम. पेट्रोलचा खर्च आणि क्लबाचं जाकीट मिळतं. तिकडे मला ‘पश्चिमेचा डोळा’ म्हणतात. (पहिल्यांदा मीच म्हणालो होतो, पण कुणी खोडून काढलेलं नाही.)

तर शनिवारीच बॅलरॅटला जिल्ह्याच्या अठरा वर्षांखालच्या संघाची सेमीफायनल आहे. झाडून सगळ्या क्लबांची माणसं बघायला येणार. डार्सी तिथे खेळला तर त्याचं सोनं. इथे खेळला तर आमचं.

निर्णय : पोराचं भलं आधी. विषय संपला.

१० सप्टेंबर, मंगळवार
विषय तितकासा संपलेला नाही. पुढच्या वर्षी कप येईल म्हणावं, तर आमच्या निम्म्या संघाचे गुडघे यंदाच संपताहेत.

१२ सप्टेंबर, गुरुवार
साल्वोला सहज फोन केला. साल्वो म्हणजे जिल्हा संघाचा कोच. आधी पावसापाण्याचं बोललो. बोलण्याच्या ओघात निघून गेलं की डार्सीची उजव्या मांडीमागची हॅमस्ट्रिंग जरा आखडल्यासारखी वाटते. कुणाला वाटते, असं साल्वोने विचारलं. म्हटलं, मला. तो म्हणाला, नेव्ह, तू म्हणतोस म्हणजे असणार बाबा, ड्राफ्टच्या तोंडावर पोराला धोका नको, बसवतो त्याला.

हे खोटं नव्हे. ‘आखडल्यासारखी’ म्हणालो, ‘आखडली’ असं म्हणालो नाही. शिवाय अठरा वर्षांच्या पोराचं काही ना काही आखडलेलं असतंच.

जेवण गेलं नाही. कालचं कोकरू असणार.

१३ सप्टेंबर, शुक्रवार
डार्सी दारात. म्हणाला, साल्वोने बसवलंय मला, मी सांगितलं काही दुखत नाही, तर म्हणतो सगळी पोरं असंच सांगतात. तुला काय दिसलं रे नेव्ह?

मी म्हटलं, पायाला कळायच्या आधी डोळ्याला कळतं.

पोरगं बराच वेळ स्वतःची मांडी दाबून बघत उभं राहिलं. इतकं विश्वासाने की मला खिडकीबाहेर बघावं लागलं. मग सांगितलं, उद्या इथे गोलपुढे नुसता उभा राहा, चेंडू आला तर धर, पळायचं नाही, तेवढं पायाला चांगलंच. बरं म्हणाला. जाताना माझी कचऱ्याची बादली रस्त्यावर नेऊन ठेवली.

मर्लने स्वयंपाकघरातून सगळं ऐकलं. म्हणाली, म्हणजे बॅलरॅटला दुखते आणि कोराबिनला दुखत नाही? बरीच शहाणी हॅमस्ट्रिंग आहे. बायकोला खेळातलं कळत नाही हे एक बरं आहे.

संकल्प : फायनल संपली की साल्वोला फोन करून सांगायचं, माझा अंदाज चुकला. सोमवारच्या आत.

१५ सप्टेंबर, रविवार
कालची फायनल लिहून ठेवतो.

तिसऱ्या क्वार्टरला आम्ही बरेच मागे. डार्सी सांगितल्याप्रमाणे गोलपुढे खांबासारखा उभा. चेंडू तिथवर येतच नव्हता. तेव्हा मी सुचवलं की त्याला मधे आणा. सुचवणं म्हणजे हुकूम नव्हे. कुंपणावर चढून ओरडून सुचवलं, हे खरं. आमच्या कोचने माझ्याकडे पाहिलं, डार्सीने पाहिलं, मी हात हलवला.

मग पोरगं जे पळालं! इकडून चेंडू काढ, तिकडे धाव, मैदानाभोवती लावलेल्या मोटारींचे हॉर्न थांबेनात. बरोबरी झाली. मला रडू आलं, वडिलांची आठवण झाली. आणि शेवटच्या क्वार्टरला टिंबर फ्लॅटच्या एकामागे धावता धावता डार्सीने मांडी मागून धरली आणि खाली बसला.

उजवीच. निदान डावी तरी धरायची.

एका किकने हरलो. डार्सीला दोघांनी उचलून नेला. माझ्यासमोरून जाताना म्हणाला, तू सांगितलं होतंस नेव्ह.

आता विचार केला तर कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. दुसरं काही नाही. शिवाय आता माझं म्हणणं खरंच ठरलं आहे. जे आता खरं आहे ते गुरुवारी खोटं होतं, हा नुसता वेळेचा फरक. तरी मन खातंय.

१८ सप्टेंबर, बुधवार
मेलबर्नहून डेलाहंटीचा फोन. डेलाहंटी म्हणजे मोठ्या क्लबाचा निवडप्रमुख. एरवी माझ्या फोनला परत फोनही करत नाही. म्हणाला, साल्वोकडून कळलं, प्रुएट, तू तर कमालच केलीस, दोन दिवस आधी ओळखलंस! आमचे डॉक्टर फोटो काढूनही एवढं सांगत नाहीत.

सांगणार होतो. तोंड उघडलंही होतं. पण त्याला मीटिंग होती.

डॉक्टरांनी डार्सीला नोव्हेंबरपर्यंत पळू नको म्हणून सांगितलंय. म्हणजे क्लबांसमोर धावून, उड्या मारून दाखवायची चाचणीही गेली.

२६ सप्टेंबर, गुरुवार
साल्वो डार्सीवर भडकलाय. सगळ्यांना सांगत सुटलाय की मी पोराला जपायला बसवला आणि हा गावच्या कपासाठी पळाला, अशा बिनडोक पोराला कोण घेईल? माझ्यावर मात्र राग नाही. उलट म्हणाला, तुझ्यासारखं डोकं त्याला असतं तर.

सुपरमार्केटात लीॲन भेटली, डार्सीची आई. नवरा गेल्यापासून गोठा ती आणि पोरगा दोघंच ओढतात. शनिवारी क्लबाची कँटीनही तीच चालवते. माझ्या दंडावर हात ठेवून म्हणाली, मी त्याला चांगला झापला, म्हटलं नेव्ह कानी-कपाळी ओरडत होता, ऐकलं असतंस तर? खाली मान घालून बसला, एक शब्द बोलला नाही. तू मात्र आमच्यासाठी केलंस हं, विसरणार नाही मी.

तो एक शब्द बोलला नाही. बोलू शकला असता.

मी काय घ्यायला गेलो होतो ते विसरलो आणि तीन किलो कांदे घेऊन आलो. मर्ल म्हणाली, घरात कांदे आहेत. म्हटलं, असू देत. म्हणाली, चोराच्या मनात चांदणं. तिला काय म्हणायचं होतं ते मी विचारलं नाही.

संकल्प : पुढच्या महिन्यात मेलबर्नला निवड समितीची मीटिंग आहे. तिथे, सगळ्यांसमोर, उभं राहून. फोनवर सांगण्यात काय मर्दुमकी?

१४ ऑक्टोबर, सोमवार
मेलबर्नपर्यंत मोटारीत मोठ्याने भाषणाचा सराव केला. फार प्रभावी झालं. एका ट्रकवाल्याने वळून पाहिलं.

मीटिंगमध्ये केल्सोचं नाव निघालं आणि मी उठून उभा राहिलो. तेवढ्यात डेलाहंटी म्हणाला, हाच तो माणूस, डॉक्टरांच्या आधी ओळखणारा. टाळ्या झाल्या. टाळ्या चालू असताना कबुली कशी देणार? थांबलो. थांबल्यावर तो म्हणाला, जानेवारीपासून अख्खा पश्चिम भाग तुझ्याकडे, पगारी, क्लबाची मोटार. पुन्हा टाळ्या. मग म्हणाला, बोल, केल्सोचं काय करायचं?

मी म्हणालो, पोरगं गुणी आहे. पण, मी म्हणालो, मांडी.

‘पण’ म्हणायची गरज नव्हती. ‘मांडी’ म्हणायची तर मुळीच नव्हती. त्यांनी नाव खोडलं आणि पुढचं घेतलं.

येताना तीनदा थांबलो, तीनदा चहा घेतला. शांतपणे विचार केला तर असं दिसतं : उद्या मी पगारी माणूस होणार, माझ्या शब्दाला वजन येणार. मग त्या वजनाने डार्सीचं भलं करता येईल. आज नोकरी घालवून बसलो तर त्याला काय उपयोग? तेव्हा आत्ता गप्प राहणं हेच खरं तर त्याच्या हिताचं.

हे लिहून झाल्यावर पुन्हा वाचलं. पटत नाहीये.

२० नोव्हेंबर, बुधवार
ड्राफ्ट. केल्सोंकडे सगळा गाव. लीॲनने सॉसेज रोल केले होते, शेजारणीने क्रीम-फळांचा पावलोवा आणला होता. मला टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसवलं, मानाची म्हणून. डार्सीने इस्त्रीचा शर्ट घातला होता. पाय महिन्याभरात बरा झालाय, पळतोही पूर्वीसारखा. पण त्याला पळताना आता बघितलंय कुणी?

एकेक नाव पुकारलं जाऊ लागलं. माझ्या क्लबाचा नंबर आला की सगळे माझ्याकडे बघत. मी पावलोवाकडे बघत होतो. सगळी नावं संपली. कुणी तरी टीव्हीचा आवाज कमी केला. लीॲन स्वयंपाकघरात जाऊन रिकामेच ट्रे धूत बसली. डार्सी मात्र सगळ्यांना सोडायला फाटकापर्यंत येत होता. मला म्हणाला, तू वाईट वाटून घेऊ नको नेव्ह, तू केलंस तेवढं.

घरी येऊन मोटारीतच बसून राहिलो. लाज वाटते. साधी, सरळ लाज. आज कारण लिहायला सुचत नाही.

२८ नोव्हेंबर, गुरुवार
डार्सी संध्याकाळी आला, धारा काढून. पर्थच्या एका क्लबाचा त्याला फोन आला होता. उन्हाळाभर सरावाला एक पोरगं घ्यायचंय, चांगलं निघालं तर संघात. याचे जुने सामने बघून ते खूश आहेत. शंका एकच : साल्वोकडच्या नोंदीत फायनलच्या आधीपासूनच हॅमस्ट्रिंग आहे, म्हणजे दुखणं जुनं, परत परत उलटणारं. ते एकदाच झालेलं असेल तर घ्यायला तयार. ज्याने आधी पाहिलं त्यानेच सांगावं, म्हणाले. नंबर आणलाय.

मी कागद हातात घेतला. मग तो माझ्याकडे न बघता म्हणाला, त्या गुरुवारी पाय दुखत नव्हता ना रे, नेव्ह?

मी कागदाची घडी घातली. तो म्हणाला, मला तेव्हाच वाटलं होतं. कप तुला फार हवा होता ना. आईला मी काही सांगितलेलं नाही. फक्त तेवढा फोन कर. त्यांना लवकर ठरवायचंय.

करतो म्हणालो. छातीवर हात ठेवून म्हणालो.

संकल्प : उद्या सकाळी, चहाच्याही आधी. नोकरी जाईल, जाऊ दे. डेलाहंटीला कळेल, कळू दे.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार
सकाळी लक्षात आलं, पर्थचं घड्याळ आपल्या मागे चालतं. तिकडे अजून झोपलेले असणार. दरम्यान मोटार धुतली. आतूनही. दुपारी करणार होतो, पण शुक्रवारी दुपारी कुणाचं कामात लक्ष नसतं. असा महत्त्वाचा फोन घाईत करू नये. मर्ल म्हणाली, फोन पुसून ठेवू का, त्यावर धूळ बसायला नको. काय बोलायचं ते तीन वेगवेगळ्या प्रकारे लिहून काढलं. एका प्रकारात माझी नोकरीही राहते. त्यावर अजून काम करायला हवं.

१ डिसेंबर, रविवार
शनिवार-रविवार माणसं घरी असतात. त्यांना त्रास द्यायचा नाही, एवढी रीत मला आहे.

२ डिसेंबर, सोमवार
केला! सगळं सांगितलं. आखडल्यासारखी नव्हती, आखडलीही नव्हती, मला कप हवा होता म्हणून बोललो, कुंपणावर मीच चढलो होतो, त्याला मधे मीच आणायला लावलं. एका दमात. डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यात इतकं खरं मी कधी बोललो नसेन.

पलीकडचा माणूस शांतपणे ऐकून घेत होता. मग म्हणाला, हे बरं केलंत, एरवी कुणी सांगत नाही. पण आम्ही शुक्रवारी संध्याकाळपर्यंत तुमच्या फोनची वाट पाहिली, मग दुसरं पोरगं घेतलं. विमानाचं तिकीटही काढलं त्याचं. मी विचारलं, हे तुम्ही डेलाहंटीला सांगणार का? म्हणाला, डेलाहंटी कोण?

म्हणजे नोकरी शाबूत आहे.

३ डिसेंबर, मंगळवार
केल्सोंच्या गोठ्यावर जाऊन आलो. धारा चालू होत्या. डार्सीला सांगितलं, बोललो त्यांच्याशी, सगळं खरं सांगितलं, पण त्यांची जागा भरली. तो दोन गाईंच्या मधून बाहेर आला, हात पुसून माझा हात धरला आणि म्हणाला, तू फोन केलास ना, बस झालं. फोन कधी केला ते त्याने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

लीॲनने जाताना ख्रिसमसचा फळांचा केक बांधून दिला, एवढी खटपट केलीस म्हणून. चांगला झालाय. मर्लला नको होता. मी दोन तुकडे खाल्ले.