कपाटातली वही

४ मार्च, सोमवार
आजपासून साइटची वही माझ्याकडे! वकिलाने माझ्या कंत्राटदार मुलाला बजावलंय, बांधकामावर रोज काय घडलं ते त्याच दिवशी लिहा, भांडण झालं तर वहीच वाचवते. मुलाला कंटाळा. म्हणाला, आई, नाहीतरी तू तिथे खुर्ची टाकून बसलेलीच असतेस, तूच लिही. दुसरीपर्यंत शिकले, पण अक्षर गोल! सुनेला दोनदा सांगून झालं. वही कपाटात राहायची, वाचतंय कोण?

५ मार्च
गवंडी साडेदहाला उगवला. घराच्या मालकीणबाई त्याच्याही आधी हजर. रिटायर मास्तरीण, भिंतीलाही पट्टी लावून बघते. म्हणे गच्चीवर तीन दिवस पाणी साठवून दाखवा, गळतं का बघू. तीन दिवस? म्हशी डुंबायला सोडायच्यात का बाईंना? पाणी भरलं.

६ मार्च, दुपारी
खालच्या छताला हातभर ओल. गवंडी म्हणाला, साहेब, उतारच चुकलाय. मुलगा म्हणाला, पाणी सोडून दे, खालून रंग मार. काय डोकं चालतं माझ्या लेकाचं! मला म्हणाला, तीन दिवस ठेवलं असं लिही.
लिहिते. पाणी तीन दिवस ठेवलं. (ठेवलं एकच दिवस, पण लिहायचं तीन.)
उद्यापासून फक्त कामाचंच लिहायचं.

७ मार्च
सून चहात साखर घालायला विसरली. मुद्दाम.

२५ मार्च
बाईंची नोटीस. रंगातून ओल फुटलीय, घर गळतंय, सगळी गच्ची उकरून नव्याने करून द्या. इंगा दाखवते म्हणावं! वकिलाने वही मागितली, मी ऐटीत दिली. त्याने नुसत्या तारखा चाळल्या, एकही चुकली नाही बघून तो खूश. लगेच झेरॉक्स काढून बाईंना धाडली. आता बसतील गप्प.

९ एप्रिल
बैठक झाली. बाईंनी चष्मा लावून सहा तारीख मोठ्याने वाचली. कंसासकट. मग पाच तारीख. म्हशींपाशी जरा थांबल्या. वकील छताकडे बघत होता. मुलाने मुकाट सही केली, गच्ची नव्याने करायची.
निघताना बाई मला म्हणाल्या, आजी, शुद्धलेखनाच्या अकरा चुका आहेत, पण वही प्रामाणिक आहे. बघा, शेवटी कौतुक करावंच लागलं.
मुलगा घरी येऊन न जेवताच झोपला. दमला असेल.

१० एप्रिल
गच्ची फोडतायत, घरापर्यंत आवाज येतो. मुलाने माझी खुर्ची साइटवरून घरी परत आणली. वही आता मुलगाच लिहितो. हे मी किराणाच्या यादीमागे लिहितेय.
संध्याकाळी विचारलं, आज काय लिहिलंस?
म्हणाला, आई साइटवर आली नाही. एवढंच.