आभाळातला दगड आणि वाळती हळद

१८ एप्रिल, कळमनुरी
"हळद वाळत घातलेल्या भावाबहिणींनो, आपल्या कष्टांची बातमी कुणी करत नाही, आपल्या भीतीची मात्र रोज होते."
भाषणाची सुरुवात जमली. मोबाइलवर फिरतंय, येत्या शुक्रवारी लघुग्रह आदळणार. डोंगरकड्यात एका घरानं साखरपुडा पुढं ढकलला म्हणे. तिथल्या धाकट्या भावाचा, दिगंबरचा फोन: "आक्का, येऊन बोल जरा. लोक आभाळाकडंच बघून राहिलेत."
संताप. जाणार.

२१ एप्रिल, डोंगरकडा
मारुतीच्या पारापुढं सभा. जोरात बोलले. मोठा दगड पूर्वी आदळलाय, पुढंही कधी आदळेल. पण मधे कितीतरी पिढ्या निघून जातात. शिवाय त्याच्यावर दुर्बिणी रोखून माणसं बसलीत. विजेवर नजर ठेवून कोण बसलंय?
"दगडानं गेलेला एक माणूस सांगा," म्हटलं. म्हाताऱ्यांनीही नाही म्हणून माना हलवल्या. "वीज पडून गेलेला?" नावं थांबेनात.
ताडपत्रीवाले करीमचाचा म्हणाले, "ताई, दगडाला आपली ताडपत्री चालती का बघा." हशा.
तेवढ्यात गडगडलं. अख्खी सभा उठून उघड्या रानात पळाली, हळद झाकायला. दिगंबर सगळ्यांच्या पुढं.
माईकपुढं मी एकटी.

२२ एप्रिल
दिगंबरच्या बांधावरचं लिंबाचं झाड कालच्या विजेनं उभं चिरलंय. ताडपत्र्या त्याच्याच बुंध्याशी असतात. तो नुकताच तिथून हलला होता.
हसतोय. "रंग वाचला की हळदीचा." भावजय सुमन हसली नाही. जेवलीही नाही.
दगडाची भीती काढली मी. विजेतली धाव तशीच राहिली.

२३ एप्रिल
भांडण. मी: "ढगांची वाट कशाला? वळीव चारनंतरच येतो. रोज चारलाच झाका."
"चारला कडक ऊन असतं आक्का. ते वाया घालवू?"
"वाळायला जास्त दिवस लागतील. लागू दे."
"तुझं काय जातंय. तू कळमनुरीला."
बरोबर बोलला. म्हणून मुक्काम वाढवला.
करीमचाचा मशिदीच्या भोंग्यावरून रोज चारला पुकारा करतो म्हणाले. मारुतीचे पुजारीही तयार. भोंगे दोन, निरोप एक. किती दिवसांनी इतकं बरं वाटलं.

२५ एप्रिल, शुक्रवार
दगड आला नाही. साखरपुड्याचं पुन्हा ठरतंय.
चारला दोन्ही भोंग्यांवर पुकारा झाला. सुमन आणि मी उठलो. शेजारची घरं हसत हसत का होईना, झाकायला लागली. पलीकडचं रान पिवळं, उघडंच. दिगंबर बांधावर बसून. "आभाळ कोरडं हाय की." सुमन ताडपत्रीचं दुसरं टोक त्याच्या पायाशी टाकून आली. त्यानं उचललं. झाकलं नाही अजून, धरून बसलाय.
पश्चिमेला थोडं काळं...
उद्या पुकारा मीच करणार. भाषण नाही, एवढंच: भावाबहिणींनो, गडगडायची वाट बघू नका. चार वाजलेत. हळद झाका.